पासवर्ड उच्चारायचा नसतो

गुरुवार, ६ जानेवारी १९९४. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कुणी म्हणायला नको की बाईंचं वय झालं, बाईंना नीट आठवत नाही. मला सगळं आठवतं.

पेन्शनच्या कागदावर शिक्का घ्यायला कॉलेजच्या ऑफिसात बसले होते. हेडक्लार्क भगवानराव खुर्चीतून न उठता, व्हरांड्यापलीकडच्या कॉम्प्युटर रूमकडे तोंड करून ओरडले, सत्यशीलाबाई, पासवर्ड परभणीच हाय ना अजून? आतून उत्तर आलं, हो सर. गेटवरच्या पेरूवाल्यानं मान वर केली. पाण्याच्या टाकीवर चढलेल्या प्लंबरनंसुद्धा ऐकलं. म्हणजे संस्थेचे सगळे मार्क, सगळ्या फिया ज्या एका गुप्त शब्दामागे बंद आहेत, तो आता पेरूबरोबर विकत मिळेल.

मी म्हटलं, भगवानराव, हा पासवर्ड आहे, भाजीचा भाव नव्हे. ते म्हणाले, मिसबाई, तुमी आता रिटायर झालात, आराम करा.

आराम. ज्या बाईनं या संस्थेच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, जिला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पाठ ताठ ठेवायला शिकवलं, तिला आराम. मुली मला 'मिस' म्हणत. परभणीनं त्याला 'बाई' जोडून 'मिसबाई' केलं. तेही मी सहन केलं. हे करणार नाही.

सत्यशीला माझी विद्यार्थिनी. कॉम्प्युटर तीच चालवते, पण अजून टेम्पररी. तिला कायम करायचा विषय महिनाअखेरच्या बैठकीत आहे. तोवर कॉम्प्युटरमध्ये काही घोळ झाला तर गळा तिचाच सापडणार. ती माझ्या मागच्या दोन खोल्यांत राहते. भाडेकरू आहे, तेवढाच संबंध. संध्याकाळी चहा आणून देते, ती तिची सवय.

ठराव: महिन्याभरात या संस्थेचा प्रत्येक कर्मचारी सुरक्षित करायचा.

शुक्रवार, ७ जानेवारी

प्राचार्य व्यंकटरावांना भेटले. म्हटलं, संगणक-सुरक्षा जागृती वर्ग घेते. साठी उलटल्यावर स्टेशन रोडला कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे. ते म्हणाले, औरंगाबादच्या एका कंपनीला विचारलं होतं, त्यांचं कोटेशन वाचून आबासाहेबांना घाम आला. आबासाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. मी म्हटलं, मला मानधन नको. फळा, खडू आणि चहा. व्यंकटरावांनी लगेच होकार दिला. नंतर विचारलं, चहा रोज लागेल का?

परवडणारं प्रशिक्षण म्हणजे काय, हे मी या जिल्ह्याला दाखवणार.

सोमवार, १० जानेवारी

पहिला वर्ग, ऑफिसला लागूनच्या स्टाफरूममध्ये. उपस्थिती उत्तम.

फीवाल्या कुसुमबाई, लायब्ररीच्या गीताबाई, सत्यशीला, शिपाई दगडाबाई. शिवाय रात्रीचा वॉचमन काठी घेऊन आला. नोटिशीत 'सुरक्षा' वाचून आला म्हणे. त्याला परत पाठवलं. नाराज झाला. भगवानराव आले नाहीत. त्यांचं टेबल पार्टिशनच्या पलीकडेच आहे, तिथून सगळं ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. ठीक. कानावर तरी पडेल.

व्हायरस शिकवला. फ्लॉपीतून येतो, फाइली खातो, जंतू नव्हे, प्रोग्रॅम आहे. तीनदा सांगितलं, जंतू नव्हे. दगडाबाईंनी मान हलवली. वर्गानंतर फ्लॉपीच्या डब्यात डांबराच्या गोळ्या सापडल्या. दगडाबाई म्हणाल्या, आसू द्या, लय वाईट वास हाय, कोन बी येणार न्हाई.

कॉम्प्युटर रूममध्ये चपला बाहेर काढून जायचं हा नियम मात्र सगळे पाळतात. शिस्त अंगात आहे. फक्त वळवायची आहे.

मंगळवार, ११ जानेवारी

आज पासवर्ड. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकीला तिच्या कामाचा वेगळा पासवर्ड देता येतो. फळ्यावर नियम लिहिला: पासवर्ड कधीही उच्चारायचा नाही.

कुसुमबाई म्हणाल्या, मिस, न उच्चारता लक्षात कसा राहायचा? गीताबाई म्हणाल्या, मी पाटीवर लिहून ठेवीन.

आणि तेव्हा सुचलं. मला अशा गोष्टी अचानक सुचतात. मागे बँकेत कुसुमबाईंना साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं होतं. या लाल झाल्या, पदर तोंडाला लावला आणि शेजारच्या अनोळखी बाईकडे बोट केलं, की हिला विचारा. नवऱ्याचं नाव. परभणीतली लग्न झालेली बाई मरेल पण हा शब्द तोंडातून काढणार नाही. विसरणार तर कधीच नाही. जगातल्या कुठल्या कंपनीला असा पासवर्ड सुचला नसता. त्यांना आमच्या बायका माहीत नाहीत.

सगळ्यांना पटलं. एकटी सत्यशीला अडून बसली. म्हणाली, मिस, मी तर त्याला नावानंच हाक मारते. तुमच्या गल्लीत सगळ्यांनी ऐकलंय. मी म्हटलं, गल्लीत मारतेस, ऑफिसात नाही. तिनं विचारलं, मी आपलं काहीतरी आकडे घालून ठेवू का? मी म्हटलं, नियम सगळ्यांना एकच. ती म्हणाली, बरं, आणि टाइप केलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ट्रेनरनं पाहायचं नसतं.

कुसुमबाईंचा कॉम्प्युटर दुपारपर्यंत बंद. बन्सीधरच्या स्पेलिंगमध्ये एच एक की दोन, हे त्यांना ठरवता येईना. तीस वर्षं मी स्पेलिंग घोकून घेतली, तेव्हा हसत होत्या.

भगवानराव पार्टिशनपलीकडून म्हणाले, मिसबाई, मग तुमचा पासवर्ड कोरा का? कुणी हसलं नाही. बहुतेक.

शनिवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. सोळा वर्षांच्या आंदोलनानंतर विद्यापीठाचं नाव अखेर बदललं. रस्त्यावर पोलीस. संध्याकाळी सत्यशीला आणि तिचा नवरा भुजंग पेढे घेऊन आले. तो येलदरीला पॉवरहाउसवर रोजंदारीनं असतो, आठवड्यानं येतो. म्हणाला, मिस, हे सुरू झालं तवा मी नववीला होतो. आता माझे केस पिकायलेत. शुगर असल्यामुळे मी अर्धाच पेढा घेणार होते. पूर्ण खाल्ला.

आज ऑफिसात मार्कलिस्टवरचं विद्यापीठाचं नाव बदलायचं काम निघालं. भगवानराव म्हणाले, नामांतर न्हाई, नामविस्तार म्हणा. विस्तारच होता. नवं नाव ओळीत मावेना. सत्यशीलानं दोन ओळी घेऊन पूर्ण बसवलं, आणि खालची 'अध्यक्ष : आबासाहेब' ही ओळ कागदाबाहेर गेली. भगवानराव म्हणाले, विस्तार त्यांचा अन् बेदखल आमी का? सत्यशीला म्हणाली, सर, कागद तेवढाच आहे. मी मोठ्यानं हसले. हसायला नको होतं. आबासाहेबांपर्यंत गेलंच असणार.

सोमवार, १७ जानेवारी

स्टाफरूममध्ये महिला कर्मचाऱ्यांचं हळदीकुंकू. मी अविवाहित, त्यामुळे वाणाचा प्रश्न नाही. निरीक्षक म्हणून हजर. वर्गाचा परिणाम मोजायला याहून चांगली संधी नव्हती.

नावं घ्यायचा आग्रह झाला. कुसुमबाई लाजल्या आणि खणखणीत म्हणाल्या, संक्रांतीच्या वाणाला पितळेची परात, बन्सीधररावांचं नाव घेते ऑफिसच्या दारात. गीताबाई म्हणाल्या, पुस्तकांना कव्हर, कव्हरला दोरी, तात्यारावांचं नाव घेते, सासर माझं झरी. टाळ्या. पार्टिशनपलीकडून भगवानरावांची फर्माईश आली, पुन्हा एकदा, नीट ऐकू आलं न्हाई. कुसुमबाईंनी पुन्हा घेतलं.

सत्यशीला दाराशी उभी होती. कुंकू नको म्हणाली, तीळगूळ घेतला. नाव घ्यायला तयार नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, मिस, घेऊ का? मी म्हटलं, घे, लाजतेस काय, माझी विद्यार्थिनी ना? तिनं पुन्हा विचारलं, नक्की घेऊ? मला तिचा हा भित्रेपणा आवडला नाही. मग ती म्हणाली, येलदरीच्या पाण्यावर पेटतो दिवा, भुजंगचं नाव घेते, तीळगूळ घ्यावा. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच. मला अभिमान वाटला.

नोंद: कार्यक्रमभर सुरक्षेचा एकही नियम मोडला गेला नाही. पासवर्ड कुणीही उच्चारला नाही. फक्त नाव घेतलं.

सोमवार, २४ जानेवारी

अनर्थ.

आबासाहेबांच्या पुतण्याला सहामाहीत इंग्रजीत सतरा मार्क. कॉम्प्युटरच्या यादीत एकाहत्तर. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी वर्गात यादी वाचली, मुलं हसली, म्हणून कळलं. उत्तरपत्रिका काढली. सतराच. सतरा तरी कसे दिले, हे मी पेपर बघून विचारलं.

मार्क भरायचं काम सत्यशीलाच्या पासवर्डनंच उघडतं. म्हणून तिनंच बदलले. असा सरळ हिशेब. तिला कायम करायचा विषय बैठकीतून काढला. चौकशी समिती: प्राचार्य व्यंकटराव, आणि सचिव म्हणून भगवानराव.

मी विचारलं, आबासाहेबांच्या पुतण्याचे मार्क वाढवून सत्यशीलाला काय मिळणार होतं? फायदा कुणाचा झाला ते बघा. व्यंकटराव पंख्याकडे बघत म्हणाले, मिसबाई, आपण फायद्याच्या खोलात जायला नको.

ती संध्याकाळी चहा घेऊन आली. नेहमीसारखा आलं घातलेला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, तुझा पासवर्ड अभेद्य आहे. ती म्हणाली, चहा गार होतोय मिस.

मंगळवार, २५ जानेवारी

झोप नाही. पहाटे उलगडा झाला. व्हायरस.

एकाच्या जागी सात, साताच्या जागी एक. आकडे उलटे करणारा व्हायरस. व्यंकटरावांना तसं लेखी दिलं. त्यांनी विचारलं, यादीत दोनशेवर मुलं आहेत, उलटला तो एकच आकडा कसा? मी म्हटलं, व्हायरस पसरायला वेळ लागतो. ते म्हणाले, तो नेमका आबासाहेबांच्या घरून सुरू झाला का? या माणसानं आयुष्यात केलेला हा पहिला विनोद, आणि तो अशा दिवशी.

दगडाबाईंनी डांबराच्या गोळ्या दुप्पट केल्या. निदान एक तरी माणूस माझ्या बाजूनं काम करतंय.

बुधवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. आबासाहेबांचं भाषण प्रामाणिकपणावर. पुतण्या पहिल्या रांगेत.

दुपारी भुजंग आला. ओट्यावर बसला, आत या म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, मिस, येलदरीला एक खोली बघून ठेवलीय. हिचं इथलं काम सुटलं तर भाडं परवडायचं न्हाई. मी म्हटलं, भाड्याचं कुणी विचारलंय? तो म्हणाला, भाड्याचंच न्हाई. चोर म्हणून बोट दाखवायलेत. बाजारात हिला एकानं विचारलं, आमच्या पोराचे बी वाढवता का. मी म्हटलं, मी आहे ना. तो म्हणाला, तुमी हायेत म्हणून तर दोन दिवस थांबलो.

मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या तर मला काही फरक पडत नाही. दुसरा भाडेकरू मिळेल. चहा मला स्वतःला करता येतो. आज करून बघितला. साखर घालायची राहिली, आणि घालायची नसतेच, हे नंतर लक्षात आलं.

ठराव: तिला जाऊ द्यायचं नाही. कसं, ते ठरायचं आहे.

बुधवार, २ फेब्रुवारी

चौकशी. मी तज्ज्ञ साक्षीदार. इस्त्रीची पांढरी साडी, सर्टिफिकेट फ्रेमसकट नेलं.

माझी भूमिका स्पष्ट होती. पासवर्ड सत्यशीलाशिवाय कुणालाच माहीत असणं शक्य नाही, कारण प्रशिक्षण निर्दोष होतं. बोलता बोलता लक्षात आलं की या वाक्यानं ती सुटत नाही, अडकते. पण तोवर अर्धं बोलून झालं होतं आणि वाक्य अर्धवट सोडायची मला सवय नाही.

व्यंकटराव म्हणाले, म्हणजे दुसऱ्या कुणीच मार्क बदलले नाहीत असं तुमचं म्हणणं? मी म्हटलं, व्हायरस सोडून. ते म्हणाले, व्हायरस राहू द्या. मी चिडले. म्हटलं, या संस्थेतल्या कुणालाही बोलवा आणि सत्यशीलाचा पासवर्ड विचारा. सांगितला तर मी सर्टिफिकेट फाडीन.

व्यंकटरावांनी घंटी वाजवली. दगडाबाई आल्या.

त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, पासवर्ड म्हंजी ते नवऱ्याचं नाव ना? सत्यशीलाताईचा भुजंग. कुसुमताईचा बन्सीधर, गीताताईचा तात्याराव. समद्यायला ठाऊक हाय. संक्रांतीला घेतली की नावं, भगवानरावसायबांनी दोनदा घ्यायला लावलं. मग जाता जाता थांबून म्हणाल्या, ज्युनिअरच्या नव्या मास्तरीणबाईचं लगीन ठरायलंय, तिचा अजून न्हाई.

भगवानराव मिनिट्स लिहीत होते. पेन थांबलं. बराच वेळ ते टोपण शोधत होते. टोपण पेनलाच होतं, मागच्या बाजूला.

दगडाबाईंची स्मरणशक्ती असाधारण आहे, हे मी समितीच्या निदर्शनास आणून दिलं. अशा एका अपवादावरून प्रशिक्षण फसलं असं म्हणता येत नाही. सर्टिफिकेट फ्रेममध्ये असल्यामुळे फाडता आलं नाही.

व्यंकटरावांनी शेवटी भगवानरावांना चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, मिसबाई, हे काम कुणाचं ते तुम्हाला कळतं, मलाही कळतं. मी ते कागदावर आणू शकत नाही, मला इथं अजून सहा वर्षं काढायचीत. पण एक करता येईल. पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, आणि तो तुमच्या शिकवण्यामुळे माहीत झाला, एवढं तुम्ही लेखी द्या. मग एकट्या मुलीवर ठपका ठेवता येणार नाही. बारा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत द्या.

मी उठले. चहा न घेता.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

अशक्य. तीस वर्षांत माझ्या हातानं कुणी नापास झालं असेल तर ते त्याच्या चुकीनं. शिकवण्याच्या चुकीनं नाही.

मागच्या अंगणात सत्यशीला पितळी भांडी पोत्यात भरत होती. मी खिडकीतून म्हटलं, एवढ्यात कशाला? ती म्हणाली, हळूहळू भरलेली बरी, शेवटच्या दिवशी आवाज लय होतो. मी तिला विचारलं, संक्रांतीला तू दोनदा विचारलंस, घेऊ का म्हणून, मग स्पष्ट का नाही बोललीस? ती म्हणाली, मिस, तुम्ही शिकवलं होतं, बाई सांगतील ते ऐकायचं.

हे मी शिकवलं असेल तर दहावीपर्यंतसाठी शिकवलं होतं. तिशी ओलांडलेल्या बाईनं ते लावून धरायचं कारण नव्हतं.

बुधवार, ९ फेब्रुवारी

मार्ग सापडला. निवेदन द्यायचं, पण पूर्ण. एका ओळीचं निवेदन मूर्ख लोक देतात.

व्यंकटरावांची परवानगी घेऊन कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केलं. आठ पानं. पहिल्या तीन पानांत प्रशिक्षणाचा हेतू. मग पार्टिशनची उंची. मग हळदीकुंकवाच्या प्रथेचा सुरक्षेवर होणारा परिणाम, ज्याची कल्पना कोणत्याही कॉन्व्हेंटमध्ये दिली जात नाही. सातव्या पानावर, ओघात, पासवर्ड काही जणांच्या कानावर गेला असण्याची शक्यता. आठव्या पानावर पुढच्या वर्गाचं वेळापत्रक.

एवढ्यानं सत्यशीला सुटते आणि मीही. दोघीही.

भगवानराव दोनदा आत डोकावून गेले. म्हणून फाइलला पासवर्ड लावला. सगळे नियम पाळले. उच्चारला नाही. लिहून ठेवला नाही. या रोजनिशीतही लिहिणार नाही, रोजनिशी कुणीही वाचू शकतं. नवऱ्याचं नाव नाही, हे उघड आहे. कुणाच्याही डोक्यात येणार नाही असा आहे. टाइप करताना मलाच कौतुक वाटलं.

शनिवारी प्रिंट काढून द्यायचं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

दुपारी तीनला कॉम्प्युटर रूममध्ये गेले. चपला काढल्या. फाइल उघडायला सांगितली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला.

कुणाच्याही डोक्यात येणार नाही असा होता. माझ्याही आला नाही.

सिकंदराबादच्या शाळेचं नाव घातलं. नाही. सिस्टरांची नावं घातली, जेवढ्या आठवल्या. माझ्या पहिल्या वर्गातल्या मुलींची. माझ्या कुत्र्याचं, जो वारला. उलट्या स्पेलिंगनं. सरळ. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर तीच ओळ दाखवी, जशी मी फळ्यावर 'पुन्हा लिही' लिहायची.

चारपर्यंत मागे गर्दी जमली. कुसुमबाई म्हणाल्या, मिस, परभणी घालून बघा. गीताबाई म्हणाल्या, मिसबाई घाला. दगडाबाई म्हणाल्या, देवाचं नाव घाला. भगवानरावसुद्धा मनापासून सुचवत होते, आणि एकाचंही लागेना. ज्या ऑफिसात प्रत्येकाला प्रत्येकाचा पासवर्ड माहीत आहे, तिथे माझा एकटीचा कुणाला माहीत नव्हता. मला रडू आलं. त्यांना वाटलं डांबराच्या गोळ्यांनी.

पावणेपाचला सत्यशीलानं सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. म्हणाली, मिस, हातानं लिहा. मी म्हटलं, आठ पानं पंधरा मिनिटांत कशी लिहू? ती म्हणाली, आठ कशाला? मी म्हटलं, हेतू लिहायचाय, पार्टिशन लिहायचंय. ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वर्गात मी अशी उभी राहायची, मुलगी अडली की.

वेळ नव्हता म्हणून एवढंच लिहिलं गेलं: 'सत्यशीला हिचा पासवर्ड सर्व कर्मचाऱ्यांना माहीत होता. तो काय ठेवायचा हे मी सांगितलं. तो सर्वांसमोर घ्यायलाही मीच लावलं. तिनं मला दोनदा विचारलं होतं.' सही. तारीख.

मसुदा कच्चा आहे. वेळ असता तर सुधारला असता. व्यंकटरावांनी वाचला, घडी घातली आणि मला दारापर्यंत सोडायला आले. असं ते आबासाहेबांशिवाय कुणासाठी करत नाहीत. कदाचित मला चालताना आधार लागतोय असं वाटलं असेल.

शनिवार, १९ फेब्रुवारी

निकाल. 'अज्ञात व्यक्तीकडून झालेली तांत्रिक चूक.' पुतण्याचे सतरा पुन्हा सतरा. अज्ञात व्यक्तीनं स्वतःच्या हातानं ही ओळ टाइप केली, आणि एक स्पेलिंग चुकवलं. सत्यशीलाची ऑर्डर निघाली. कायम.

अहवालात शेवटी माझ्याबद्दल: 'सदर प्रशिक्षण यापुढे घेण्यात येऊ नये.' नोटीस बोर्डावर लावलंय. वॉचमननं मला थांबवून वाचून दाखवलं.

संध्याकाळी मागच्या अंगणात पोत्यातून भांडी काढल्याचा आवाज. सत्यशीला म्हणाली होती तसा, लय. बराच वेळ चालला. मी खिडकी बंद केली नाही.

भुजंग ओट्यावर न थांबता आत आला. म्हणाला, मिस, येलदरीची खोली सोडली. मी म्हटलं, मला काय सांगता, तुमचा प्रश्न. सत्यशीलानं चहा ठेवला आणि विचारलं, मिस, तो पासवर्ड आठवला का? मी म्हटलं, आठवला असता तरी सांगितला नसता. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. यात हसण्यासारखं काय होतं?

सोमवार, २१ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा.

शांतपणे विचार केला. त्या अहवालामुळे माझ्यावर अन्याय झालेला आहे. खरा वृत्तांत त्या आठ पानांत आहे, आणि ती आठ पानं संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये बंद आहेत. आत माझं वेळापत्रकसुद्धा आहे. पुढचा मसुदा आजच हाती देणार. इथे नक्कल ठेवते.

'प्रति, भगवानराव, हेडक्लार्क. प्रत माहितीसाठी प्राचार्य व्यंकटराव यांना.

आपल्या कार्यालयात प्रत्येकाचा पासवर्ड प्रत्येकाला माहीत असतो, हे समितीसमोर सिद्ध झालेलं आहे. माझा तेवढा कुणालाच माहीत नसेल, हे मला पटत नाही. आणि खरंच नसेल, तर माझं प्रशिक्षण यशस्वी झालं, हे अहवालात नमूद करावं. नऊ तारखेला आपण दोनदा डोकावून गेलात, याकडेही लक्ष वेधते. तरी मी त्या दिवशी कोणता शब्द टाइप केला, हे आपण किंवा ज्या कुणास ठाऊक असेल त्यानं सोमवार, दिनांक २८ फेब्रुवारी १९९४ रोजी सायंकाळी पाचच्या आत मला कळवावं. उत्तर लेखीच हवं. व्हरांड्यातून ओरडून सांगू नये. पासवर्ड उच्चारायचा नसतो.'